लाउसेगाची सही

या, अशा जवळ सरका. चटईवर जागा आहे, कोकोही उरलाय तळाशी, गाळ चालत असेल तर घ्या. सावाई बेटावरच्या आमच्या फालेउली गावात एक कागद हरवला नव्हता तरी सापडत नव्हता, त्याची गोष्ट सांगते. मध्येच मी गायला लागले तर रागावू नका. गाणं वगळलं तर ही गोष्ट अर्धीच उरते, आणि अर्धी गोष्ट सांगायला मी काही डीकन नाही.

फुआतिनो माझी शेजारीण. गायनमंडळात माझ्या डाव्या हाताला उभी राहते. पट्टी माझीच धरते, फक्त माझ्यानंतर अर्ध्या श्वासाने. तिने लग्न केलं नाही. तिच्या काकांकडे लाउसेगा ही घराण्याची पदवी होती, आणि त्या म्हाताऱ्या लाउसेगांचं अंथरूण-पांघरूण, कंद उकडणं, नखं कापणं, रात्रीची भुतं हाकलणं, हे सगळं तिने बावीस वर्षं केलं. म्हातारे गेले. आठ महिन्यांत राजधानीत, आपियात राहणाऱ्या चुलत्यांनी कोर्टात अर्ज टाकला: घर आणि घराखालची जमीन आमच्या शाखेची, ही बाई बिनलग्नाची, बिनपदवीची, तिचा तिथे काय संबंध?

खटला चार वर्षं रखडला. शेवटी कोर्टाने फुआतिनोला सांगितलं, "तुझ्या तिन्ही भावांची लेखी संमती आण. मूळ सह्यांचा कागद हवा, फोनवरचा फोटो चालणार नाही. शुक्रवारी सकाळी नऊला सुनावणी." कागद नसेल तर तिने घर सोडायचं. एवढी सरळ गोष्ट.

तिन्ही भाऊ ऑकलंडला. धाकट्या सिलिवाने दोघा थोरल्यांना कसंबसं एका टेबलाशी बसवून सह्या घेतल्या. त्यातला मोठा दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियात खाटीकखान्याच्या कामावर निघून गेला. म्हणजे कागद हा एवढाच. दुसरा होणार नाही.

सिलिवाचा फोन आला तेव्हा मी फुआतिनोच्याच ओट्यावर शेंगा सोलत होते. तिने फोन मोठ्या आवाजात ठेवला होता. ती नेहमीच ठेवते, म्हणजे मला नंतर परत सांगायला नको.

"शनिवारच्या विमानाने मासिनामावशी येतेय," फुआतिनो म्हणाली. "तिच्या हाती दे."

"मावशीच्या हाती? ताई, गेल्या नाताळात मावशीच्या हाती मी आईची कवळी दिली होती. ती फिजीला उतरली."

"सापडली ना पण?"

"सापडली. दुसऱ्या बाईच्या तोंडात."

"मग काय करणार तू?"

"ट्रॅकिंगवालं पत्र टाकणार. त्याला नंबर असतो. कुठे पोचलं, किती वाजता पोचलं, सही करून कोणी घेतलं, सगळं मला इथे दिसतं. कोर्टाचे कागद, बँकेचे कागद असेच पाठवायचे असतात. इथे सगळे शहाणे लोक असंच करतात."

मला राहवलं नाही. "का रे सिलिवा, बायबलातल्या प्रेषितांनी मंडळ्यांना पत्रं धाडली ती माणसांच्याच हाती ना? त्यांना कुठे नंबर होते?"

"लेपेका काकू," तो म्हणाला, "म्हणून तर त्यांतली निम्मी हरवली."

पोरगं हजरजबाबी आहे. प्रार्थनेला जात नाही, पण हजरजबाबी आहे.

फुआतिनोला स्वतःची टपालपेटी नाही. गावात कुणालाच नाही. एक पेटी बोट लागते त्या सालेलोलोगाच्या पोस्टात, म्हाताऱ्यांच्या काळापासून, 'लाउसेगा, फालेउली' अशी. सिलिवाने पाकिटावर तेच लिहिलं, चाळीस डॉलर मोजले, आणि मग रोज फोन करून आम्हाला पत्राची तब्येत कळवू लागला. आज विमानात चढलं. आज आपियात उतरलं. आज बोटीने आपल्या बेटावर आलं. मला त्या पत्राचा हेवा वाटायला लागला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते तेव्हा सख्ख्या मुलांनी इतकी विचारपूस केली नव्हती.

मंगळवारी दुपारी तो ओरडलाच. "पोचलं, ताई! अकरा वाजून सात मिनिटं! सही: लाउसेगा!"

फुआतिनोने हात जोडले. मी विचारलं, "कोणता?"

"कोणता म्हणजे?"

बघा, माणूस चौदा वर्षं परदेशात राहिला की असं होतं. म्हातारे गेल्यावर पदवी कुणाला द्यायची यावर आमच्याकडे पाच दिवस सभा चालली. पाचव्या दिवशी सभेच्या जेवणाची डुकरं संपली. तेव्हा हक्क सांगणाऱ्या तिघांनाही देऊन टाकली. आता गावात लाउसेगा तीन. एक दुकानवाला, एक होडीवाला आणि एक चर्चचा कारभार बघणारा डीकन. तिघांच्या ओळखपत्रावर लाउसेगा. तिघं एकमेकांशी बोलताना एकमेकांना लाउसेगा म्हणतात, आणि म्हणताना असं तोंड करतात, जसं काही लिंबू चावलंय.

बुधवारी सकाळच्या पहिल्या बसने आम्ही दोघी पोस्टात. खिडकीशी एलेनोआ नावाची मुलगी, नुकतीच बदलून आलेली.

"घेऊन गेले की," ती म्हणाली. "काल अकराला."

"कोण?"

"लाउसेगा."

"अगं पण कोणते लाउसेगा?"

"मावशी, पाकिटावर लाउसेगा. ओळखपत्रावर लाउसेगा. सही लाउसेगा. अजून काय बघू मी, वंशावळ?"

"दिसायला कसे होते ते तरी सांग," मी म्हटलं.

एलेनोआने डोळे मिटून आठवलं. "जाडे. घामाघूम. काखेत छत्री. माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते."

"तिघंही असेच," फुआतिनो म्हणाली.

सही बघितली. एक गोल, त्यातून निघालेली एक लांब शेपटी. गोगलगाय सहीला बसवली असती तर तिने अशीच केली असती.

आता तुम्ही म्हणाल, जाऊन विचारायचं की. असं कसं विचारणार? पदवीवाल्या माणसाला तोंडावर 'दुसऱ्याचं पत्र तुम्ही उचललंत का' विचारणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. सभा बसते, दंड होतो, एक मोठी डुकरीण आणि माशांच्या डब्यांची दहा खोकी. आणि ज्याने घेतलं नसेल त्याला विचारलंत तर दंड दुप्पट. म्हणून आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारत निघालो.

दुकानवाले लाउसेगा गल्ल्यामागे खुर्चीत होते. साखर घेतली, साबण घेतला, ऊन फार आहे म्हटलं.

"हल्ली पोस्टाचा कारभार चांगला झालाय, नाही?" मी म्हटलं. "सहीची पत्रंसुद्धा येतात म्हणे."

"सहीचं पत्र कुणालाही येत नाही, लेपेका," ते म्हणाले. "सहीचं पत्र येतं म्हणजे समोरच्याने माणूस ओळखून पाठवलेलं असतं. गावात तशी पत्रं कुणाला येणार? मलाच. त्या होडीवाल्याला कोण लिहिणार, मासे?"

"म्हणजे आपल्याला हल्ली आलं एखादं?"

"येतात," ते म्हणाले आणि सुटे पैसे मोजायला लागले.

होडीवाले लाउसेगा किनाऱ्यावर जाळं विणत होते. त्यांचंही तेच. "सही मागतात ती मोठ्या शाखेकडे. आमची शाखा मोठी. दुकानात बसून पदवी येत नाही." मग फुआतिनोकडे बघून जरा मवाळ झाले. "तुझं शुक्रवारी आहे ना कोर्ट? देव बघेल हो." आणि तिला दोन मासे दिले. ती रडायला लागली तर त्यांना वाटलं माशांमुळे, म्हणून तिसरा दिला.

डीकन लाउसेगा चर्चच्या पायरीवर घंटेची दोरी बदलत होते. ते नुसते हसले, आणि म्हणाले, "काही गोष्टी रविवारी मंडळीसमोर उघडायच्या असतात." रविवारी! सुनावणी शुक्रवारी. मी फुआतिनोला कोपराने ढोसलं. माझी खात्री पटली. त्यांच्याच उशाशी आहे.

तिथून तडक पाळकबाबांकडे.

पाळकबाबा नेएमिया यांच्याबद्दल काय सांगू? प्रवचनाला उभे राहिले की पहिली दहा मिनिटं बोलतात, आणि ती दहा मिनिटं खरं सांगायचं तर कुणी ऐकत नाही. आमच्यातल्या बायका तेवढ्यात रविवारच्या जेवणाच्या दगडी भट्टीत काय घालायचं ते ठरवून घेतात. पण अकराव्या मिनिटाला त्यांचा आवाज हळूच जमीन सोडतो. बोलता बोलता गाणं कधी झालं ते कळत नाही. एक ओळ ते टाकतात, मंडळी उचलते, चार आवाजांत फुटते, छताचे पत्रे थरथरतात, आणि देव तिथे आहे की नाही ही शंका ज्याला असेल त्याने बाहेर उभं राहून घ्यावी. मी साठ वर्षं प्रवचनं ऐकते आहे. वाचलेलं एकही माझ्या लक्षात नाही, गायलेलं एकही मी विसरले नाही. त्यांना मधुमेह आहे आणि ते लपवून केक खातात, हेही खरं आहे. देवाने आवाज दिला तेव्हा बाकीचं तपासलं नसावं.

त्यांनी सगळं ऐकलं. केकचा डबा पायाने खुर्चीखाली सरकवला.

"संध्याकाळी बुधवारची प्रार्थना आहे," ते म्हणाले. "पण मी कुणाचं नाव घेणार नाही."

"घेऊच नका, पाळकबाबा," मी म्हटलं. "नावामुळेच तर हे झालंय."

संध्याकाळी चर्च भरलं होतं. तिन्ही लाउसेगा पुढच्या बाकावर, मध्ये हातभर जागा सोडून, म्हणजे कोण कुणाच्या शेजारी बसला असा प्रश्न नको. पाळकबाबा क्षमेवर बोलायला लागले. दहा मिनिटं झाली.

"देव प्रत्येकाला एक पत्र पाठवतो," ते म्हणाले. "दूताच्या पिशवीत घालून, नंबर टाकून." पोरीबाळी फिसकन हसल्या. आणि मग आवाज सुटला:

*दूत निघाला, पिशवी खांद्याला,*
*पत्र एक होतं दीनेच्या नावाला,*
*दारात पोचलं, सही झाली त्याला,*
*कुणाच्या उशाशी, सांगा, कुणाच्या उशाशी?*

मंडळीने शेवटची ओळ उचलली. आता तुम्हाला आमच्या गावाची एक खोड सांगते. कितीही वाईट प्रसंग असो, सूर चांगला मिळाला की आम्ही तो सोडत नाही. बायकांनी वरचा धरला, पोरांनी मधला, आणि खर्जात कोण? डीकन लाउसेगा. त्यांच्यासारखा खर्ज सावाई बेटावर नाही. 'कुणाच्या उशाशी' म्हणून ते असे उतरले की बाकांच्या पायांना हुडहुडी भरली.

*दीना ती बसली उंबऱ्याला टेकून,*
*देवाने धाडलं, नेलं कुणी झाकून?*
*शुक्रवार आला, येईल का चालून?*
*कुणाच्या उशाशी, सांगा, कुणाच्या उशाशी?*

दुसऱ्या वेळी खर्ज जरा हलला. तिसऱ्या वेळी खर्ज आलाच नाही. चार आवाजांतला एक गेला की काय होतं माहीत आहे? खोलीतून खांब काढल्यासारखं होतं. सगळ्यांनी पुढच्या बाकाकडे पाहिलं. फुआतिनो माझ्या शेजारी गात होती, अर्ध्या श्वासाने मागे.

डीकन उठले. "माझ्या उशाशी आहे," ते म्हणाले. "एक पत्र. न उघडलेलं. मला वाटलं, चर्चच्या मोठ्या सभेने मला बोलावलंय. दर रविवारी म्हणतो, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उघडीन."

मी फुआतिनोचा हात दाबला. तेवढ्यात दुकानवाले उठले. ताडकन.

"माझ्याकडे तीन आहेत! तीही न उघडलेली!"

आता पश्चात्तापाची गोष्ट, तिथे तरी शर्यत कशाला? पण डीकन आधी उठले हे त्यांना सहन झालं नसावं. आणि मग होडीवालेही उठले, छाती काढून.

"माझ्याकडे दोन. पण मी आतून कबूल आधीच झालो होतो. पहिल्या कडव्याला."

"मग उठला नाहीस का?"

"पाय झोपला होता!"

पाळकबाबांनी डोळे मिटले आणि तोंड वर केलं. प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, मला सांगता येणार नाही.

आधी डीकनचं पत्र आणलं. ते होतं दुकानवाल्यांच्या पेन्शनचं, दोन वर्षांपूर्वीचं. 'तीस दिवसांत उत्तर न आल्यास' असं त्यात होतं. दुकानवाले ते वाचून भिंतीला टेकले. त्यांच्या तीनपैकी एक होडीवाल्यांच्या इंजिनाच्या विम्याचं, एक डीकनच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचं. मुलीला आता दोन मुलं आहेत. तिसरं बँकेचं, कुणाचं तेच कळेना, कारण बँकेनेही नुसतं लाउसेगाच लिहिलं होतं. सगळ्या पाकिटांवर नंबर, सगळी वेळेवर पोचलेली, सगळ्यांवर सही. जगात कुठेतरी शहाणे लोक फोनकडे बघून समाधानाने झोपले असतील.

फुआतिनोचं त्यांत नव्हतं.

"तुमची दोन?" पाळकबाबा होडीवाल्यांना म्हणाले.

होडीवाले खाली बघत म्हणाले, "होडीत आहेत."

"होडीत?"

"घरात बायको उघडते. म्हणून बर्फाच्या पेटीत ठेवली. नीट गुंडाळलीत, तीन पिशव्यांत!" मग त्यांना एकदम काहीतरी उमगलं. त्यांनी फुआतिनोकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "ते ऑकलंडचं तुझं होतं? अगं, सकाळी तुला मासे दिले ते त्याच्याच वरचे."

सगळं गाव मशाली घेऊन किनाऱ्यावर. पेटी उघडली, तीन मासे बाजूला केले, आणि पाकीट निघालं. कोरडं. सह्या शाबूत, तिन्ही भावांच्या. वास मात्र असा की मांजरं मागे लागली.

फुआतिनोने सिलिवाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आता धोका नको. उद्या सकाळी पोस्टातून ट्रॅकिंग करून कोर्टाला..."

"सिलिवा," ती म्हणाली, "तू माझा लाडका भाऊ आहेस. फोन ठेव."

गुरुवारी बोटीने आम्ही पलीकडच्या उपोलू बेटावर, कोर्टाकडे निघालो. कागद तिच्या पोलक्यात, ती माझ्या शेजारी, आणि मागच्या बाकांवर तीन लाउसेगा. न बोलावता आलेले. एकाने म्हटलं मी जातो, की उरलेले दोघं घरी राहणार कसे? वाटभर पुढे कोण बसणार यावर भांडले. समुद्र खवळलेला होता, तिघांनाही उलट्या झाल्या, त्यातही क्रम ठरवायचा प्रयत्न झाला.

शुक्रवारी नऊ वाजता कोर्टाच्या माणसाने कागद हातात घेतला, थोडा लांब धरला, आणि म्हणाला, "ताजा आहे."

चुलत्यांचा वकील उभा राहिला. "भावांची संमती ठीक आहे," तो म्हणाला. "पण ही जमीन लाउसेगा पदवीची. पदवीवाल्याला ही बाई तिथे चालते का, हे कुठे लिहिलंय?"

हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. फुआतिनोने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, देवाकडेसुद्धा ती फक्त आभार मानायला जायची.

न्यायाधीशांनी विचारलं, "लाउसेगा इथे आहेत का?"

तिघं उठले. एकाच वेळी. उठताना एकाचा धक्का दुसऱ्याला लागला, पण या खेपेला कुणी काही बोललं नाही.

"कोण बोलणार?" न्यायाधीश म्हणाले.

दुकानवाल्यांनी डीकनकडे पाहिलं. डीकननी होडीवाल्यांकडे. मी आमच्या गावात बासष्ट वर्षं काढली, पण एका लाउसेगाने दुसऱ्याला वाट दिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. होडीवाले म्हणाले, "म्हाताऱ्यांची नखं हिने कापली, साहेब. आम्ही पदवी वाटून घेतली, पण सेवा वाटून घ्यायला कुणी आलं नव्हतं. घर तिचं."

"आम्ही तिघं तेच म्हणतो," डीकन म्हणाले, त्या खर्जात. शिपाईसुद्धा सरळ उभा राहिला.

जिवंत आहे तोवर फुआतिनोने त्या घरात राहावं, असा हुकूम झाला. ती पायऱ्या उतरून खाली आली, झाडाखाली बसली, आणि मासळीचा वास येणारी पोलक्याची बाही तोंडाला लावून खूप वेळ रडली. मग म्हणाली, "लेपेका, भूक लागली."

तेव्हा कुणी मला विचारलं, कामाची पत्रं नंबर टाकून पाठवावीत का, तर मी म्हणते, पाठवा, जरूर पाठवा. पण पाकिटावर पदवी लिहू नका, माणसाचं बाप्तिस्म्याचं नाव लिहा. आणि जिथे पत्र जाणार तिथल्या एखाद्या भोचक बाईला फोन करून ठेवा.

बस, एवढंच. आता निजायच्या आधी प्रार्थना कराल तेव्हा एक करा. फुआतिनोचं नाव घ्या. सकाळी चर्चच्या पायऱ्या चढताना तिचे गुडघे फार दुखतात, आणि ती ते कुणाला सांगत नाही. तिची आठवण ठेवा.